सोर्स कोडमधून ओपनएपीआय स्पेसिफिकेशन तयार करताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

एखादी सेवा चालू होऊन वर्ष उलटले की तिच्या एपीआयची (म्हणजे इतर प्रोग्रॅमना ती वापरता यावी अशा ठरलेल्या मार्गांची) माहिती तीन ठिकाणी विखुरलेली आढळते: कोडमध्ये, कोणीतरी कधीकाळी लिहिलेल्या दस्तऐवजात आणि टीममधल्या जुन्या माणसाच्या डोक्यात. मोबाइल ॲप लिहिणारी दुसरी टीम जेव्हा ‘या एंडपॉइंटचे उत्तर नेमके कसे येते’ असे विचारते, तेव्हा तिन्ही ठिकाणची उत्तरे वेगवेगळी निघतात. यावरचा रूढ उपाय म्हणजे चालणाऱ्या कोडमधूनच यंत्राला वाचता येईल असे ओपनएपीआय स्पेसिफिकेशन, म्हणजे एपीआयचे मार्ग, विनंत्या आणि उत्तरे यांचे ठरलेल्या साच्यातले वर्णन, आपोआप काढणे. ही सोय बहुतेक फ्रेमवर्कमध्ये पाच-दहा मिनिटांत बसते, आणि नवख्यांची फसगत नेमकी त्या पाच-दहा मिनिटांनंतर सुरू होते, कारण फाइल तयार झाली म्हणजे ती खरी झाली असे त्यांना वाटते. साधनाला तुमच्या कोडचा हेतू कळत नाही. कोडने टाइपच्या रूपाने जेवढे घोषित केले असेल तेवढेच ते उचलते. म्हणून या लेखातील बहुतेक पायऱ्या साधन बसवण्याच्या नाहीत, तर कोडला नीट घोषणा करायला लावण्याच्या आहेत.

उदाहरणासाठी एका सार्वजनिक वाचनालयाची काल्पनिक सेवा घेऊ: सभासद, पुस्तके, देवघेव आणि उशिराचा दंड. मुख्य विवेचन पायथॉनच्या फास्टएपीआयवर आहे. जावाचे स्प्रिंग बूट आणि पायथॉनचेच जँगो यांचा उल्लेख गरजेपुरता येईल. कोडमधील नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष टाइप करताना ती अर्थातच मूळ लिपीत लिहावीत.

हाताशी काय हवे

- गिट रिपॉझिटरीत असलेला आणि स्थानिक यंत्रावर चालणारा कोड.
- लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या नोंदवणारी लॉक फाइल. आवृत्ती बदलली की कोड न बदलताही स्पेसिफिकेशन बदलू शकते.
- स्पेसिफिकेशन तयार करणारी लायब्ररी: फास्टएपीआयमध्ये ती अंगभूतच आहे, स्प्रिंग बूटसाठी स्प्रिंगडॉक, जँगो रेस्ट फ्रेमवर्कसाठी डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर.
- फाइल तपासण्यासाठी स्पेक्ट्रल किंवा रेडॉकली, दोन आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी ओएएसडिफ आणि चालत्या सेवेशी पडताळणी करण्यासाठी स्कीमाथेसिस.
- ग्राहक टीम (तुमचा एपीआय वापरणारी टीम) ओपनएपीआयची कोणती आवृत्ती वाचू शकते याचे लेखी उत्तर. हे सर्वांत आधी मिळवा.

शेवटच्या मुद्द्याचे कारण असे. मुळात ‘स्वॅगर’ नावाने ओळखले जाणारे हे स्पेसिफिकेशन २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे गेले. त्यानंतर ३.० ही आवृत्ती २०१७ साली आणि ३.१ ही २०२१ साली आली. फाइलीच्या पहिल्या ओळीत ‘स्वॅगर २.०’ असे दिसले तर ती जुन्या पिढीची आहे. फास्टएपीआय सध्या ३.१ काढते, तर गो भाषेतील ‘स्वॅग’ हे लोकप्रिय साधन त्याच्या पहिल्या मुख्य आवृत्तीत अजूनही २.० काढते. ३.० आणि ३.१ यांतला रोज टोचणारा फरक रिकाम्या किमतीचा आहे: ३.० मध्ये ‘नलेबल’ असा वेगळा शब्द होता, ३.१ मध्ये तो काढून ‘नल’ हा टाइपांपैकीच एक टाइप झाला. ग्राहकाचे कोड-जनरेटर (स्पेसिफिकेशनवरून ग्राहकासाठी कोड लिहिणारे साधन) जुने असेल, तर ते अशा फील्डपाशी अडखळते किंवा गुपचूप चुकीचा टाइप बनवते.

१. साधन कोणत्या जातीचे आहे ते ओळखा

‘कोडमधून आपोआप’ या शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिल्या जातीची साधने ॲप प्रत्यक्ष लोड करून त्यातील मार्ग आणि टाइप वाचतात. फास्टएपीआय, स्प्रिंगडॉक आणि नेस्टजेएसचे स्वॅगर मॉड्यूल यांत येतात. दुसऱ्या जातीची साधने ॲप न चालवता बिल्डच्या वेळी कोडचे विश्लेषण करतात. टाइपस्क्रिप्टचे टाइप चालत्या प्रोग्रॅममध्ये उरतच नसल्याने टीएसओएसारख्या साधनांना हाच मार्ग घ्यावा लागतो. तिसऱ्या जातीची साधने कोडच्या वर लिहिलेल्या कॉमेंट वाचतात, उदाहरणार्थ गोचे ‘स्वॅग’ किंवा एक्सप्रेससोबत वापरले जाणारे ‘स्वॅगर-जेएसडॉक’.

तिसऱ्या जातीला मी ‘आपोआप’ म्हणणार नाही. कॉमेंट कंपायलर तपासत नाही, त्यामुळे कोड बदलून कॉमेंट तशीच राहिली तरी बिल्ड हिरवाच राहतो. पर्याय नसेल तर हे साधन जरूर वापरा, पण मग नवव्या पायरीतील पडताळणी ऐच्छिक न राहता सक्तीची होते.

स्प्रिंगवाल्यांसाठी एक इशारा. इंटरनेटवरील अनेक जुने धडे ‘स्प्रिंगफॉक्स’ वापरायला सांगतात. त्या लायब्ररीची शेवटची आवृत्ती २०२० साली आली आणि स्प्रिंग बूट २.६ ने मार्ग जुळवण्याची मूळ पद्धत बदलल्यावर ती घेतलेली ॲप सुरू होतानाच कोसळू लागली. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. बूट २ साठी स्प्रिंगडॉकची पहिली मालिका आणि बूट ३ साठी दुसरी मालिका घ्यावी.

२. पहिली फाइल काढा

फास्टएपीआयमध्ये ॲप चालू केल्यावर ‘ओपनएपीआय डॉट जेसन’ या पत्त्यावर स्पेसिफिकेशन दिसते; स्प्रिंगडॉकमध्ये ते ‘व्ही३’खालील ‘एपीआय-डॉक्स’ या मार्गावर असते. पाहण्यासाठी हे पुरेसे आहे, पण कामासाठी फाइल हवी आणि ती सर्व्हर न चालवता निघायला हवी. त्यासाठी पायथॉनची चार ओळींची स्क्रिप्ट पुरते: ॲप इम्पोर्ट करायचे, त्यावरचे ‘ओपनएपीआय’ हे फंक्शन कॉल करायचे आणि परत आलेली डिक्शनरी जेसन म्हणून फाइलीत लिहायची.

येथे दोन खड्डे आहेत. पहिला असा, की अनेक ॲपमध्ये मॉड्यूल इम्पोर्ट होतानाच डेटाबेसची जोडणी उघडते किंवा डझनभर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मागितले जातात, त्यामुळे तुमच्या यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट बिल्ड सर्व्हरवर कोसळते. जोडण्या उघडण्याचे काम ॲपच्या ‘लाइफस्पॅन’मध्ये (ॲप सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) हलवा, स्पेसिफिकेशन काढण्यासाठी डेटाबेस लागत असेल तर दोष रचनेत आहे. दुसरा खड्डा मराठीत वर्णने लिहिणाऱ्यांसाठी आहे. पायथॉनचे जेसन मॉड्यूल देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मूळ स्थितीत आकडी संकेतात बदलते आणि फाइलीतील फरक कोणालाच वाचता येत नाहीत. ‘एन्शुअर_ॲस्की’ हा पर्याय बंद करा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहा.

जँगोमध्ये ‘स्पेक्टॅक्युलर’ ही आज्ञा थेट फाइल लिहिते. ती देताना ‘व्हॅलिडेट’ आणि ‘फेल-ऑन-वॉर्न’ हे दोन्ही पर्याय पहिल्या दिवसापासून लावावेत, कारण ज्या व्ह्यूचा सीरियलायझर (उत्तराचा साचा सांगणारा वर्ग) तिला ओळखता येत नाही तो ती सूचना छापून सरळ गाळते. स्प्रिंगमध्ये मेव्हन प्लगइन ॲप खरोखर सुरू करून फाइल काढते, म्हणून ते इंटिग्रेशन टेस्टच्या टप्प्यात चालते आणि साध्या ‘पॅकेज’ आज्ञेने फाइल का निघत नाही याचे उत्तरही तेच आहे.

फाइल हाती आली की तिच्यातले मार्ग मोजून कोडमधल्या मार्गांशी ताडा. फास्टएपीआयमध्ये ‘माउंट’ करून जोडलेले उप-ॲप मुख्य फाइलीत येत नाही. त्याची फाइल वेगळी असते. मिडलवेअरमध्येच (मार्गापर्यंत पोचण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) उत्तर देऊन मोकळे होणारे मार्गही तिच्यात दिसणार नाहीत.

३. उत्तराचा टाइप घोषित करा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. विनंतीचे टाइप लोक सहसा लिहितात, कारण त्यांशिवाय तपासणी होत नाही. उत्तराच्या बाबतीत मात्र फंक्शन एखादी डिक्शनरी परत करते आणि सगळे चालत राहते. अशा फंक्शनच्या उत्तराचा टाइप लिहिलेलाच नसेल, तर स्पेसिफिकेशनमध्ये रिकामी चौकट येते. नुसते ‘डिक्ट’ लिहिले असेल, तर ‘ऑब्जेक्ट’ एवढेच येते. जावात ‘रिस्पॉन्सएंटिटी’च्या पुढे प्रश्नचिन्ह किंवा मॅप लिहिणाऱ्यांचेही तेच होते. फाइल वैध असते, लिंटर (स्पेक्ट्रलसारखे फाइल तपासणारे साधन) पास करतो, आणि ग्राहकाला मात्र काहीच कळत नाही.

प्रत्येक उत्तरासाठी नावाचे मॉडेल लिहा: ‘सभासद’, ‘देवघेवनोंद’, ‘दंडपावती’. फंक्शनचा परतावा म्हणून तो टाइप दिला की फास्टएपीआय तो स्पेसिफिकेशनमध्ये तर टाकतेच, शिवाय मॉडेलमध्ये नसलेली फील्ड उत्तरातून गाळते. त्यामुळे डेटाबेसच्या ओळीतील पासवर्डचा हॅश बाहेर जाण्याचा धोकाही टळतो. मात्र ज्या फील्डवर ग्राहक आधीपासून अवलंबून होता, पण जे मॉडेलमध्ये लिहायचे राहिले, तेही त्याच वेळी नाहीसे होते. म्हणून जुन्या सेवेवर मॉडेल चढवण्यापूर्वी खरी उत्तरे साठवून ठेवा आणि नंतरच्या उत्तरांशी ताडून पाहा.

फास्टएपीआय ज्या लायब्ररीने मॉडेल लिहिते आणि तपासते त्या पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन गोष्टी नवख्यांना हमखास चकवतात.

एक: ‘ऑप्शनल’ लिहिलेले पण मूळ किंमत (डिफॉल्ट) न दिलेले फील्ड आता अनिवार्य असते, त्याला ‘नल’ चालते, पण ते वगळलेले चालत नाही. पहिल्या आवृत्तीत ते वगळता येत असे. सभासदाचा ईमेल खरोखर ऐच्छिक असेल, तर ‘नन’ ही मूळ किंमत स्पष्ट लिहा.

दोन: एकच मॉडेल विनंतीत आणि उत्तरात वापरले आणि दोन्हीकडची रूपे वेगळी पडली, तर फास्टएपीआय ‘इनपुट’ व ‘आउटपुट’ अशा शेपट्या लावून दोन स्वतंत्र मॉडेल काढते. हे बरोबरच आहे, कारण मूळ किंमत असलेले फील्ड विनंतीत वगळता येते पण उत्तरात नेहमी असते. ही विभागणी बंद करण्याचा पर्याय आहे, तरी तो वापरण्याऐवजी ‘नवासभासद’ आणि ‘सभासद’ अशी दोन मॉडेल स्वतःच लिहावीत. नावे माणसांना कळतील अशी राहतात.

तीन: पैसे. दंडाची रक्कम ‘डेसिमल’ टाइपने लिहिली, तर विनंतीत संख्या आणि स्ट्रिंग दोन्ही चालतात, पण उत्तरात ती स्ट्रिंग म्हणून जाते. स्पेसिफिकेशन हे प्रामाणिकपणे सांगते, पण ग्राहकाने ते वाचलेले नसते. ‘फ्लोट’कडे पळण्यापेक्षा रक्कम पूर्णांक पैशांत द्यावी किंवा स्ट्रिंगच राहू देऊन वर्णनात तसे लिहावे. याच जातीचा प्रश्न मोठ्या क्रमांकांचा आहे: ६४ बिटांचा पूर्णांक जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहतोच असे नाही, म्हणून असे आयडी स्ट्रिंग म्हणून घोषित करणे सुरक्षित आहे.

४. अपयशाची उत्तरे स्वतः लिहा

पुस्तक सापडले नाही म्हणून तुमचे फंक्शन ४०४ चा अपवाद फेकते. ही ओळ फंक्शनच्या पोटात असते, तिच्या घोषणेत नसते, त्यामुळे फास्टएपीआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये ४०४ चा मागमूसही उमटत नाही. तो ‘रिस्पॉन्सेस’ या पर्यायात स्थितीसंकेत आणि मॉडेल देऊन नोंदवावा लागतो. प्रत्येक मार्गावर हे लिहिण्याऐवजी प्रवेश नाकारणाऱ्या ४०१ आणि ४०३ सारखे सामाईक संकेत राउटरच्या (मार्गांच्या गटाच्या) पातळीवर एकदाच द्या आणि ४०४ किंवा ‘पुस्तक आधीच दिलेले आहे’ या अर्थाचा ४०९ तेवढा त्या-त्या मार्गावर द्या.

याच्या उलट एक संकेत न मागता येतो. पॅरामीटर किंवा बॉडी असलेल्या प्रत्येक मार्गावर फास्टएपीआय ४२२ (विनंती तपासणीत नापास) आपणहून नोंदवते. टीमने तपासणीच्या चुकांसाठी स्वतःचा हँडलर (चूक हाताळणारे फंक्शन) लिहून ४०० आणि वेगळा साचा पाठवायला सुरुवात केली, तरी स्पेसिफिकेशन ४२२ आणि जुना साचाच सांगत राहते. हँडलर बदलला त्याच कमिटमध्ये ही नोंदही बदला.

स्प्रिंगडॉक ‘कंट्रोलरॲडव्हाइस’मधील हँडलर वाचते हे खरे, पण त्यांवर ‘रिस्पॉन्सस्टेटस’ची खूण असली तरच संकेत नीट कळतो, आणि एकदा वाचलेला हँडलर ते सगळ्याच मार्गांना चिकटवते. मग सभासदांची यादी देणारा मार्गही ‘पुस्तक सापडले नाही’ असे उत्तर देऊ शकतो असे वाचकाला वाटते.

५. मराठी मजकूर जाणार असेल तर लांबी आणि पॅटर्न पुन्हा तपासा

जेसन स्कीमामधील कमाल लांबी ही युनिकोडच्या कोडपॉइंटमध्ये (काना, वेलांटी, हलन्तासह प्रत्येक चिन्ह वेगळे धरून) मोजली जाते. ‘क्षितिजा’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. कोडपॉइंट आठ आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. रोमन नावे डोळ्यांसमोर ठेवून २० ची मर्यादा घातली असेल, तर आडनावासकट पूर्ण नाव त्यात बसत नाही. त्यातच डेटाबेसचा स्तंभ बाइटमध्ये मोजला जात असेल, जसे ऑरॅकलमध्ये मूळ मांडणीत होते, तर स्पेसिफिकेशन ५० म्हणते आणि सोळाव्या कोडपॉइंटनंतर डेटाबेस नकार देतो. ही तफावत कोणतेही साधन दाखवणार नाही.

पॅटर्नची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘शब्दात येणारे अक्षर’ या अर्थाचे चिन्ह, म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि पुढे लहान डब्ल्यू, तीन ठिकाणी तीन तऱ्हेने वागते. पायडँटिकची दुसरी आवृत्ती मूळ मांडणीत रस्टचे इंजिन वापरते आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी धरली जातात, म्हणून ‘किशोर’ पास होतो. पायथॉनचे स्वतःचे मॉड्यूल ‘क’ आणि ‘श’ स्वीकारते, पण वेलांटी आणि मात्रा स्वीकारत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ते चिन्ह केवळ रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखापुरते आहे. पॅटर्न स्पेसिफिकेशनमध्ये जसाच्या तसा उतरतो, त्यावरून ग्राहकाच्या ब्राउझरमधली तपासणी तयार होते, आणि सर्व्हरला चालणारे नाव फॉर्ममध्येच अडते. माणसांच्या नावाला पॅटर्न लावूच नये, लांबी पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिनकोड किंवा सभासद क्रमांक यांना मात्र जरूर लावा, पण अंकांचा गट शून्य ते नऊ असा उघड लिहा.

६. ऑपरेशन आयडी ठरवून द्या

ग्राहकाचे जनरेटर ऑपरेशन आयडीवरून फंक्शनचे नाव बनवते. फास्टएपीआय तो आयडी फंक्शनचे नाव, मार्ग आणि पद्धत जोडून तयार करते, त्यामुळे नाव लांबलचक होते आणि मार्ग बदलला की तेही बदलते. स्प्रिंगडॉक मेथडचे नाव घेते आणि दुसऱ्या कंट्रोलरमध्ये तेच नाव आले की पुढे अधोरेख व आकडा लावते; उद्या तिसरा कंट्रोलर आला तर कोणाला कोणता आकडा मिळेल यावर विसंबून राहू नये. फास्टएपीआयमध्ये आयडी बनवणारे फंक्शन एका ठिकाणी बदलता येते: टॅग आणि फंक्शनचे नाव जोडून ‘सभासद-नोंदवा’ अशा घडणीचा आयडी घ्या, पण तो रोमन लिपीतच ठेवा. हे पहिला ग्राहक जोडला जाण्यापूर्वी करा.

७. प्रवेशाची पद्धत घोषित करा आणि नको ते झाका

टोकन तपासण्यासाठी हेडर हाताने वाचणारे फंक्शन लिहिले असेल, तर स्पेसिफिकेशनला तुमची सेवा बिनकुलपाची दिसते. फास्टएपीआयमधील ‘एचटीटीपीबेअरर’ किंवा ‘एपीआयकीहेडर’ यांसारख्या तयार वर्गांतून टोकन घेतले की सुरक्षेची योजना आपोआप नोंदली जाते.

अंतर्गत मार्ग ‘इन्क्लूड_इन_स्कीमा’ बंद करून वगळता येतात. वगळलेला मार्ग कागदावर दिसत नाही एवढेच. तो बंद होत नाही. उदाहरणादाखल दिलेल्या किमतींवरही नजर फिरवा. टेस्ट डेटाबेसमधून उचललेला खऱ्या सभासदाचा मोबाइल किंवा आधार क्रमांक अशा मार्गाने सार्वजनिक पानावर पोचू शकतो. फील्डची मूळ किंमत एन्व्हायर्नमेंटमधून येत असेल, तर फाइल काढतानाची किंमतही तिच्यात छापली जाते.

८. फाइल रिपॉझिटरीत ठेवा आणि बिल्डला राखण करू द्या

तयार केलेली फाइल कमिट करू नये असा एक प्रवाद आहे. स्पेसिफिकेशनच्या बाबतीत तो मला पटत नाही, कारण पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य शाखेत घेण्याआधी सहकाऱ्यांना दाखवताना) फाइलीतला फरक दिसणे हाच त्या फाइलीचा निम्मा उपयोग आहे. क्रम असा ठेवा:

- बिल्डमध्ये स्पेसिफिकेशन नव्याने काढावे आणि गिटच्या ‘डिफ’ आज्ञेला ‘एक्झिट-कोड’ हा पर्याय देऊन कमिट केलेल्या फाइलीशी ताडावे. फरक असेल तर बिल्ड थांबावा.
- लिंटर चालवावा. स्पेक्ट्रलला नियमांची फाइल लागते; सुरुवातीला तिच्या तयार ओपनएपीआय नियमसंचाचाच विस्तार करावा.
- मुख्य शाखेतील फाइलीशी ओएएसडिफने तुलना करून ग्राहकाला मोडणारे बदल वेगळे काढावेत.

फाइलीतील क्रम प्रत्येक वेळी सारखा यायला हवा, नाहीतर वरच्या यादीतली पहिली तपासणीच निरर्थक ठरते. किल्ल्या वर्णक्रमाने लिहिण्याची सोय पायथॉन आणि स्प्रिंगडॉक दोन्हींत आहे. ही फाइल हाताने कधीही दुरुस्त करू नये. काही चुकीचे दिसले तर कोडमधील घोषणा बदलावी, कारण हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डमध्ये पुसली जाते.

ओएएसडिफचा निकाल मात्र डोळे मिटून मानू नका. उत्तरातील ‘एनम’मध्ये (ठरावीक किमतींच्या यादीत) नवी किंमत घालणे, उदाहरणार्थ देवघेवीच्या स्थितीत ‘हरवले’ ही भर, वरवर निरुपद्रवी वाटते, पण ग्राहकाच्या ॲपमध्ये जुन्याच किमतींची यादी पक्की बसलेली असेल तर ते त्या उत्तरावर कोसळते.

९. चालत्या सेवेशी पडताळा

येथवर तपासली ती फाइल. सेवा त्या फाइलीप्रमाणे वागते का, हे पाहण्यासाठी स्कीमाथेसिस वापरा. ते स्पेसिफिकेशन वाचून वेड्यावाकड्या विनंत्या तयार करते आणि आलेले उत्तर घोषित साच्यात बसते का, घोषित नसलेला स्थितीसंकेत आला का, सर्व्हर ५०० देऊन कोसळला का हे नोंदवते. चौथ्या पायरीत सुटलेले ४०४ आणि ४०९ बहुतेक येथेच पकडले जातात. पहिल्या फेरीत तक्रारींचा ढीग निघतो. त्यातून आधी ५०० वेगळे काढा, कारण ते खरे दोष असतात. मग न नोंदलेले संकेत, आणि साच्यातील तफावत सर्वांत शेवटी.

हे साधन डिलीटचे मार्गही मनापासून चालवते, म्हणून ते फक्त फेकून देता येईल अशा डेटाबेसवर सोडावे, आणि एसएमएस किंवा पेमेंट पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवांच्या जागी खोट्या सेवा जोडाव्यात. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर पूर्ण फेरी जड होत असेल, तर तेथे मर्यादित उदाहरणे चालवून पूर्ण फेरी रात्रीच्या बिल्डमध्ये ठेवता येते. सापडलेल्या प्रत्येक दोषासोबत ते साधन तीच विनंती पुन्हा पाठवण्याची कर्ल आज्ञा देते. ती तशीच तिकिटात चिकटवली की दुरुस्ती करणाऱ्याला वेगळे काही विचारावे लागत नाही.